हौदाकडे पाठ

बासेल, ६ मे १९६२

बाबा,

हे पत्र आई मोठ्यानं वाचणार आणि तुम्ही पेपर तोंडासमोर धरून ऐकत नसल्यासारखं करणार, हे मला इथून दिसतंय. धरा. पेपरानं डोळे झाकतात, कान झाकत नाहीत.

मी पोचले. खोली ठीक आहे, खिडकीतून ट्रामच्या तारा दिसतात. घरमालकीणबाई कॉफीत पाणीच जास्त घालते, पण मनानं बरी आहे. छापखान्यात आपल्यासारखे कितीतरी छापखाने मावतील. जुळणीच्या खोलीत गेले तर सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. एकजण अदबीनं म्हणाला, "बाई, बांधणी खातं खाली तळघरात."

मी म्हटलं, "माहितेय. मी अक्षरांचे खिळे जुळवायला आलेय."

माझ्याबरोबर मार्सेल नावाचा एक मुलगा उमेदवारीला लागलाय. तो फिस्सकन हसला. आमचे गीझिन मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला झाडू दिला आणि त्यालाही दिला. त्यामुळे मला ते आवडले.

आता मुद्द्याचं. स्टेशनवर तुम्ही आला नाहीत. पण निघायच्या आदल्या दिवशी जे बोललात ते मी बरोबर आणलंय. आई, तू तेव्हा बटाटे आणायला खाली गेली होतीस, म्हणून लिहून ठेवते. बाबा म्हणाले, "बाईमाणसानं कागद मोजावा, घड्या घालाव्यात, शिवावा. एखादा वेडा मास्तर खिळ्यांना हात लावू देईलही. पण चार वर्षांनी तुला हौदात कोण टाकणार? मुलीला कोणी हौदात टाकत नाही. आणि जो हौदात पडला नाही, तो आमच्यातला नाही."

आपल्याकडच्या एर्विनची बुचकळणी मला आठवते. मी तेव्हा एवढीशी होते. त्याची उमेदवारी संपली होती, तो बिचारा पाव खात उभा होता आणि तुम्ही आणि यंत्रावरच्या गड्यानं मागून येऊन त्याला उचललंत. आधी ओल्या स्पंजवर बसवलंत, मग हिंटरमोसच्या, आपल्या गावच्या हौदात सरळ आत! चार वर्षांच्या सगळ्या चुका धुऊन निघाल्या असं तुम्ही ओरडून सांगितलंत आणि त्याच्या हातात ते छापील बुचकळपत्र दिलंत. मी टाळ्या वाजवल्या होत्या. तुमचं स्वतःचं बुचकळपत्र यंत्राच्या वर काचेत लावलेलं आहे. मी अक्षरं शिकले ती त्याच्यावरून.

मी चार वर्षं इथं राहणार आहे. हौदाचं मी बघून घेईन.

तुम्हाला पटो न पटो, तुमचीच,
रोझमारी


बासेल, २३ सप्टेंबर १९६२

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. आईचं पार्सल आलं, सॉसेज, वाळवलेले पेअर आणि वेणीचा पाव, सगळं तुमच्या साप्ताहिकात गुंडाळलेलं. म्हणजे तुमच्याकडून काहीतरी आलंच की.

आम्ही अजून जुळवत नाही. आम्ही खिळे धुतो, सोडवतो, खणाखणांत परत टाकतो, आणि दर सोमवारी एक छापील कागद घेऊन येतो. कुठलाही. रस्त्यावर पडलेला चालतो. मी पहिल्यांदा खोकल्याच्या औषधाबरोबरची चिठ्ठी नेली. मास्तर म्हणाले, "काय दिसतं?" मी वाचायला लागले, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. ते म्हणाले, "वाचायला कोणी सांगितलं? बघ." आणि कागद माझ्या हातात उलटा फिरवला.

आई, तूही करून बघ. उलटं धरलं की वाचता येत नाही, मग डोळ्यांना बघण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या चिठ्ठीत मजकुराच्या मधून वरपासून खालपर्यंत एक पांढरी वाट गेलेली होती, शब्दांमधल्या फटी एकाखाली एक आल्यामुळे. एक ओळ बिचारी पुढच्या पानावर एकटी पडली होती. आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना, लहान मुलांना देऊ नये, तळाशी कोपऱ्यात दडपलेली. मी हे औषध लहानपणापासून पितेय आणि यातलं काही मला कधी दिसलं नव्हतं.

आता दिसायचं थांबत नाही. ट्रामचं तिकीट, साखरेची पुडी, चर्चमधल्या भजनांचे आकडे. परवा मार्सेलबरोबर सूप प्यायला गेले तर सूप गार होईपर्यंत मी पदार्थांच्या यादीकडेच बघत बसले. तो म्हणतो, रोझमारीला प्रेमपत्र आलं तर ती आधी समास किती सोडलाय ते बघेल. बघेनच. समास न सोडणारा माणूस पुढे काय जागा देणार?

मास्तरांचं एक मला फार आवडतं. त्यांनी माझ्या तळहातावर शिशाच्या कोऱ्या पट्ट्या ठेवल्या, ज्या छापत नाहीत, नुसती जागा सोडतात. म्हणाले, "जड आहे ना? पानावरची कोरी जागा उरलेली नसते. तीसुद्धा कोणीतरी उचलून ठेवलेली असते." बाबा, तुम्ही आयुष्यभर ह्या पट्ट्या उचलल्यात, पण ठेवताना असा हात आखडता का घेता?

कारण सॉसेज खाऊन झाल्यावर मी तुमचं पान उलटं धरलं. प्रत्येक जाहिरातीला चौकट. चौकटीला वेल. वेलीला फुलं. खताची जाहिरात आणि बाप्तिस्म्याची बातमी, दोन्हींना तीच फुलं. आणि दोन लग्नं अन् एक प्रेत सापडलं. आई, घाबरू नकोस, आमच्या धंद्यात एकच शब्द चुकून दोनदा पडला की त्याला लग्न म्हणतात आणि गळाला की प्रेत. प्रेत नेमकं पाद्रीबुवांच्या लेखात आहे.

मार्सेलनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, "हे पान आहे की जत्रा?" मी त्याला सांगितलं, "माझ्या बाबांचं आहे. मी बोलेन. तू तोंड बंद ठेव."

रोझमारी


बासेल, २० जानेवारी १९६३

बाबा,

आज मी रागावलेय, म्हणून सरळ लिहिते.

लोण्याच्या पार्सलाभोवती तुमचं गेल्या आठवड्याचं साप्ताहिक होतं. त्यात जाड काळ्या चौकटीत मोठ्ठ्या अक्षरांत नाव: कार्ल झाउग, बेकरीमालक. कार्लकाका गेले! मी खुर्चीत बसले, रडले, घरमालकीणबाईंना सांगितलं, त्यांनी मला ब्रँडी दिली. मग डोळे पुसून पुढे वाचलं. मोठ्या नावाखाली लहान अक्षरांत "यांची प्रिय पत्नी", मग तिचे वडील कोण, दीर कोण, कोणत्या मंडळाचे कोण, आणि त्या सगळ्या गर्दीत, तुमच्या सगळ्यात बारीक खिळ्यांत, लीना.

लीनाकाकू गेली. कार्लकाका ठणठणीत आहेत. मी जिवंत माणसासाठी रडले, आणि जी गेली ती मला शोधावी लागली.

ती मला शाळेतून येताना मागच्या दारानं गरम पाव द्यायची. तुम्हालाही द्यायची, तुम्ही उमेदवार होतात तेव्हा. तुम्हीच सांगितलंय. तिच्या आयुष्यात एकदाच तिच्यासाठी चौकट केली गेली आणि त्यात तिला उभं राहायला जागा नाही!

तुम्ही म्हणाल, अशीच पद्धत आहे, माझ्या मास्तरांनी असंच शिकवलं, कुटुंबाला असंच हवं असतं. मला माहितेय. पण खिळे कुटुंब उचलत नाही. खिळे तुम्ही उचलता. कोणतं नाव कोणत्या खणातून काढायचं हे तुमच्या हातात असतं.

तेच पान बरोबर पाठवतेय. तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्यात. खाली माझ्या हातानं जुळवून दाखवलंय कसं हवं होतं. वर लीना झाउग. भोवती मोकळं. चौकट नको. तिला चौकटीत बसवायचं काय कारण? बाकी सगळे खाली, रांगेत, शोक करायला आलेत तसे.

रागावलात तर रागवा. निदान मी रडायचं ते योग्य माणसासाठी रडेन.

रोझमारी


बासेल, १७ मार्च १९६३

बाबा,

तर हे तुमचं उत्तर.

पार्सल आलं आणि मी कात्री घेऊन बसले. तपकिरी कागद. कोरा. आत चीज, चीजभोवती तपकिरी कागद. पेअरभोवती तपकिरी कागद. आई लिहिते, "बाबा म्हणाले, तिला खायला पाठव, वाचायला नको." आई, तू हे लिहिताना हसत होतीस की रडत होतीस ते अक्षरावरून कळत नाही.

ठीक आहे. मी काल पोस्टात गेले. ह्या आठवड्यापासून मी तुमच्या साप्ताहिकाची वर्गणीदार आहे. खरं नाव, खरा पत्ता. आणि वर्गणीदाराला तक्रार करायचा हक्क असतो हे तुमच्याच पानावर दुसऱ्या स्तंभाच्या तळाशी लिहिलेलं आहे. इतक्या बारीक खिळ्यांत की तुम्हाला वाटलं असेल कोणी वाचणार नाही.

पहिली तक्रार: पान दोन, वरून तिसरी जाहिरात, वासरू विकणे आहे. वासराला इतक्या मोठ्या अक्षरांत घातलंय आणि लीनाकाकूला?

वर्गणीदार,
रोझमारी लुगिनब्यूल


बासेल, १० नोव्हेंबर १९६३

बाबा,

आज मी तुम्हाला काही शिकवणार नाही.

चीज डेअरीवाल्या एग्लींची मार्था गेली, हे मला तुमच्या साप्ताहिकातून कळलं. तिसऱ्या पानावर. आणि ते मला ताबडतोब कळलं, कारण वर, एकटं, मोकळ्या जागेत तिचंच नाव होतं. मार्था एग्ली. बाकी काही नाही. मग थोडं थांबून खाली तारखा. मग सगळ्यात शेवटी रांगेत नवरा, मुलं, भाऊ. वेल नाही. फुलं नाहीत. एक पातळ रेघ, बस.

मी पान उलटं धरलं. मग सरळ धरलं. मग मार्सेलला दाखवलं. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि आपणहून उलटं धरलं.

आईचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. तिनं लिहिलंय की साप्ताहिक निघालं त्याच सकाळी एग्ली तणतणत छापखान्यात आला. "गॉटलीब, माझं नाव कुठाय? तळाला? लोकांना वाटेल मी तिचा गडी होतो!" आणि तुम्ही यंत्रावरून मानसुद्धा वर न करता म्हणालात, "मेली कोण? तू की ती?"

मग म्हणे जाताना दारातून त्यानं जादा पंचवीस प्रती मागितल्या.

बाबा, तुम्ही मला पत्र लिहीत नाही. पण आता मला वाचता येतं. त्या नावाच्या वर जी जागा तुम्ही सोडलीत तिच्यात शिशाच्या किती पट्ट्या गेल्या असतील ते मला माहितेय, आणि तुमचा हात किती जड झाला असेल तेही.

मात्र त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर नाचाच्या कार्यक्रमाची जी जाहिरात आहे, तिच्यात प्रत्येक ओळ वेगळ्या जातीच्या खिळ्यांत आहे. हे मुद्दाम केलंत. मला खिजवायला. बरोबर?

रोझमारी


बासेल, ७ जून १९६४

बाबा,

आमच्या खोलीत एक भिंत आहे, तिच्यावर गीझिन मास्तर चांगल्या गोष्टी टाचून ठेवतात. तिथं जागा मिळणं सोपं नाही. मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांची भित्तिपत्रकंसुद्धा त्यांनी काढून फेकलेली मी बघितलीयेत, "आरडाओरडा नुसता" म्हणत.

सोमवारी मी कामावर आले तर भिंतीवर आपल्या खोऱ्यातल्या पोस्टबसचं वेळापत्रक.

मास्तर डोंगरात फिरायला गेले होते, थांब्यावरून आणलं म्हणे. विचारून आणलं का, ते सांगत नाहीत. सगळ्यांना समोर उभं करून म्हणाले, "हे बघा. एकही उभी रेघ नाही. तरी आकडा आपल्या गावापासून भरकटतो का? रविवारची बस कुठं आहे ते अंधुक उजेडात, चष्म्याशिवाय, सामान हातात असताना सापडतं. ज्यानं केलं त्यानं थांब्यावर उभं राहून वाट बघितलेली आहे."

मला ते माझ्या जन्मापासून माहीत आहे. स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावलेलं असायचं. दरवर्षी जुनं काढून नवं लावायचात. मी रोज त्याच्यासमोर दूध प्यायले आणि ते एकदाही बघितलं नाही. त्यात काही दिसण्यासारखं नव्हतंच, म्हणून. बस कधी आहे तेवढं दिसायचं.

मास्तरांनी विचारलं, "कोणाचं काम असेल?"

मी म्हटलं, "माझ्या बाबांचं."

"मग तू इथं काय करतेस?"

"त्यांनी शिकवलं नाही म्हणून आले."

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. खोटं नव्हतं. तुम्ही एर्विनला शिकवलंत, शेजारच्या गावच्या दोन मठ्ठ मुलांना शिकवलंत, आणि मला कागद मोजायला बसवलंत. ज्या हातानं हे वेळापत्रक जुळवलं त्याच हातानं मला खिळ्यांच्या पेटीपासून दूर सारलं. मला तुमचा फार अभिमान वाटला आणि फार राग आला, दोन्ही एकदम, आणि मग मी संध्याकाळपर्यंत मार्सेलशी विनाकारण भांडले.

रोझमारी


बासेल, २४ एप्रिल १९६६

बाबा, आई,

उमेदवारी संपली. परीक्षेत मी पहिली आले, मार्सेल तिसरा. इथंच कामावर ठेवून घेतलंय.

काल बुचकळणी झाली. पाणी गार होतं. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

रोझमारी


बासेल, १ मे १९६६

बाबा,

आईनं उलट टपाली विचारलंय, "बुचकळपत्र कुठं लावलंस? बाबांनी विचारलं नाही, पण मी वाचत होते तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला होता."

तर आता सगळं लिहिते, आणि आई, मध्ये थांबू नकोस.

बुचकळणी कधी होणार हे सांगत नाहीत, ज्याला धरायचं त्याला कळता कामा नये. म्हणून तो सगळा आठवडा मी कामाच्या डगल्याखाली जुनं पोलकं घालून वावरत होते. पिशवीत कोरडे कपडे. मशीनवरचे दांडगे गडी खोलीत आले की मी मुद्दाम पाठ करून उभी राहायचे. शनिवारी ते आले. मार्सेल केस विंचरत होता, त्याला उचलला. आमच्याबरोबरच्या बाकी दोघा उमेदवारांना उचललं. तिघं ओरडतायत, लाथा झाडतायत. आणि मी खिळ्यांच्या पेटीपाशी पाठ करून उभी. माझ्या बाजूनं कोणी आलंच नाही.

मी त्यांच्यामागे अंगणात गेले. गीझिन मास्तरांनी माझ्या हातात टॉवेल दिले. म्हणाले, "रोझमारी, तू हे धर. बाईमाणसाला चारचौघांत उचलायचं कसं? लोक काय म्हणतील?" वाईट मनानं नाही म्हणाले. तेच जास्त लागलं. कोरी जागा ज्यांनी मला दाखवली त्यांना मी समोर उभी असलेली दिसत नव्हते.

तिघांची बुचकळणी मी टॉवेल धरून बघितली. हो, धरले होते. मग मी ते टॉवेल हौदात फेकले, काठावर चढले आणि कपड्यांसकट आत उतरले. गळ्यापर्यंत. मार्सेल टाळ्या वाजवायला लागला, एकटाच, ओलाचिंब.

मास्तर म्हणाले, "पोरी, बाहेर ये. ही आंघोळ झाली. बुचकळणी नव्हे. धरून टाकावं लागतं, आपणहून पडून चालत नाही."

मी म्हटलं, "मग धरा ना! मी कुठं पळतेय?"

कोणी आलं नाही. मार्सेल यायला निघाला, पण एका गड्यानं गमतीचं दाखवत, घट्ट, त्याचा दंड पकडला. तिघांना बुचकळपत्रं मिळाली. मी तशीच ओली ट्राममध्ये बसले. कंडक्टरनं तिकीट मागितलं, मी पाणी निथळणारं तिकीट दिलं. त्याच्यावरचे आकडे अजूनही वेडेवाकडे बसवलेले आहेत, चार वर्षांत कोणी दुरुस्त केलेले नाहीत.

तर तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. म्हणा आता. एर्विनला सांगा, एग्लीला सांगा. पण एक ऐका. मी 'आमच्यातली' नाही असं कोणी म्हटलं म्हणून माझे हात विसरणार नाहीत. सोमवारी मी कामावर गेले. सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं, मास्तरांनाही, आणि त्यांच्या भिंतीवरचं वेळापत्रक काढून घरी आणलं. ते आमच्यातल्या माणसाचं आहे, त्यांचं नाही.

मला कागदाची गरज नाही.

हे वाक्य मी परत वाचलं. ते खरं नाही, पण खोडत नाही.

रोझमारी


बासेल, २२ मे १९६६

बाबा,

शुक्रवारी टपाल आलं. खाऊचं पार्सल नव्हतं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये काहीतरी चपटं, आणि वरून गुंडाळलेलं तुमचं साप्ताहिक. साप्ताहिक! तपकिरी कागद नाही. मी ते आधी नीट घडी घालून ठेवलं. वाचणार आहे, तक्रारी वेगळ्या पाठवीन.

मग पुठ्ठे उघडले. चिठ्ठी बिठ्ठी काही नाही. तुमच्याकडून चिठ्ठीची अपेक्षा कोणी करू नये.

मी खाली बसले. आधी उलटं धरलं. सवय. तळाशी एक मोठं नाव, भोवती मोकळं. वर मजकूर, दोन्ही बाजूंना भरपूर समास. भोवती वेल आहे, पण इतकी बारीक की तिला तिथं असल्याची लाज वाटतेय. मग सरळ केलं.

रोझमारी लुगिनब्यूल.

ते कुलूपवाल्या खणातले खिळे आहेत. तुमच्या मास्तरांनी तुम्हाला दिलेले. एर्विनला हात लावू देत नाही, मला लहानपणी नुसते बघू दिलेत, तेही हात पाठीमागे बांधून. त्या खिळ्यांत आजवर तुम्ही काय छापलंय? आजोबांची मृत्युवार्ता आणि तुमचं लग्न. आणि आता हे.

खाली लिहिलंय की ही जुळारी चार वर्षं छपाईच्या काळ्या कलेची उमेदवारी करून पार उतरलेली आहे आणि तिच्या सर्व चुका हिंटरमोसच्या हौदात धुतल्या जातील. तारखेची जागा कोरी आहे. धरणारा पहिला गडी, एर्विन. धरणारा दुसरा गडी, मार्सेल! म्हणजे तुम्ही त्याला पत्र लिहिलंत. त्याला! मी विचारलं तर म्हणतो, "मला काही माहीत नाही," आणि कान टोमॅटोसारखे लाल. त्याची बुचकळणी झालेली आहे, त्याला अधिकार आहे, हे तुम्ही नेमकं हेरलंत.

आणि मग मी तुमचं नाव शोधायला लागले. मोठं नाव माझं, मधल्या आकाराची त्या दोघांची. तुमचं सापडेना. अगदी तळाला, लीनाकाकूच्या वेळी वापरले होते त्याच सगळ्यात बारीक खिळ्यांत: ओला स्पंज धरणारा, गॉटलीब लुगिनब्यूल.

बाबा, मी रडले. ह्या वेळी योग्य माणसासाठी.

हे मी मास्तरांना दाखवलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं, बराच वेळ बघितलं, उलटं धरलं. मग म्हणाले, "सगळं मधोमध बसवलंय. आता असं कोणी करत नाही." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "माझ्यासाठी त्या भिंतीवर लावशील?" मी म्हटलं, "नाही."

आता तक्रारी. एक, सगळं खरंच मधोमध आहे आणि तुम्ही ते मुद्दाम केलंय. दोन, माझ्या आडनावातल्या पहिल्या दोन अक्षरांमध्ये फट जास्त राहिलीय. तिथली पट्टी मी स्वतः येऊन काढणार, त्याच पेटीपाशी उभी राहून, त्याच कुलूपवाल्या खणातल्या खिळ्यांना हात लावून, आणि मग दुसरी प्रत काढू. तेव्हा तुम्ही कागद मोजा.

शनिवारी दुपारच्या बसनं येते. कुठली ते मी वेळापत्रकात बघितलंय. आई, कोरडे कपडे काढून ठेव, पण पाणी कोमट करायला जाऊ नकोस. आणि बाबा, कधी धरणार ते मला सांगू नका, कोणाकडून कळवू नका, सांगायचं नसतं. मला काही माहीत नाही. मी बसमधून उतरून हौदाकडे पाठ करून उभी असेन आणि तुमचं साप्ताहिक तोंडासमोर धरलेलं असेल. उलटं.

रोझमारी